घरपट्टीवर मतदान नाही, हरकत मात्र आहे

‘नगरपरिषदेला घरपट्टी मर्यादेबाहेर वाढवायची असेल तर गावाचं मतदान घ्यावं लागतं ना?’ ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहेत अशा घरांतून हा प्रश्न हमखास येतो, कारण तिकडे असं मतदान होतं हे मुलांनी फोनवर सांगितलेलं असतं. वसमतपुरतं उत्तर सरळ आहे: नाही. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा 1965 च्या कायद्यावर चालतात आणि त्या कायद्यात करवाढीसाठी जनमत घेण्याची सोय नाही. पण म्हणून नागरिकाला काहीच विचारलं जात नाही, असंही नाही. कायद्याने हरकतीचा आणि सुनावणीचा हक्क दिला आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही, मुदत मात्र कडक आहे. ती हुकली की पुढची किमान चार वर्षं जास्तीचे पैसे भरत बसावं लागतं.

आधी तिकडच्या पद्धतीला काय खर्च येतो ते पाहू.

कॅलिफोर्नियात 1978 च्या जूनमध्ये ‘प्रपोझिशन 13’ मंजूर झालं. मालमत्ता कर मूल्याच्या 1 टक्क्यावर बांधला गेला, मूल्यातली वार्षिक वाढ 2 टक्क्यांवर अडवली गेली आणि विशेष कर लावायचा तर दोनतृतीयांश मतं लागतील असं ठरलं. मॅसॅच्युसेट्सने 1980 मध्ये शहरांच्या एकूण करवसुलीची वार्षिक वाढ अडीच टक्क्यांवर रोखली. त्यापुढे जायचं तर मतदारांची परवानगी हवी. शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे तिथे 1991 पासून 5 टक्के किंवा महागाईचा दर, यांतला जो कमी असेल तेवढीच वाढ अनेक स्थानिक संस्थांना मतदानाशिवाय करता येते. शिकागोच्या उपनगरांत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या करबिलाचा मोठा हिस्सा शाळांकडे जातो, त्यामुळे असं मतदान बहुधा शाळेसाठीच असतं. यात एक बाब बोचणारी आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर राहणारा घरमालक कर पूर्ण भरतो, पण नागरिकत्व नसल्याने या मतदानात त्याला भाग घेता येत नाही.

इंग्लंडमध्ये 2011 च्या कायद्याने सरकारने ठरवलेल्या टक्क्यापेक्षा जास्त कौन्सिल टॅक्स वाढवायचा असेल तर जनमत सक्तीचं केलं. या तरतुदीखाली बेडफर्डशरमध्ये 7 मे 2015 रोजी मतदान झालं. पोलिसांसाठीच्या करात 15.8 टक्के वाढ मागितली होती. सुमारे 70 टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. या एका मतदानाला अंदाजे 6 लाख पौंड लागले, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण 6 कोटी रुपये. शिवाय वाढीव दराची बिलं आधीच घरोघर गेली होती, ती दुरुस्त करावी लागली. एवढा खर्च आणि वर पराभवाची भीती असल्याने बहुतेक ठिकाणी मतदानापर्यंत जाण्यापेक्षा मर्यादेच्या आत राहणंच पसंत केलं जातं. माझ्या मते त्या तरतुदीचा खरा उपयोग हाच आहे.

आपल्याकडे मर्यादा कोण घालतं

राज्यघटनेच्या कलम 243-एक्सप्रमाणे नगरपालिकांनी कोणते कर लावायचे, कोणत्या पद्धतीने आणि किती मर्यादेत, हे राज्य विधिमंडळ कायद्याने ठरवतं. त्या चौकटीतच नगरपरिषद आपला दर निवडते. म्हणजे उद्या अख्ख्या वसमतने एकमताने ‘आमच्याकडून दुप्पट घ्या, पण रस्ते करा’ असं म्हटलं तरी पालिकेला कमाल मर्यादा ओलांडता येणार नाही. आणि ‘घरपट्टी माफच करा’ असा ठराव सभागृहात टाळ्यांच्या गजरात झाला तरी किमान दराखाली जाता येणार नाही. निवडणुकीच्या सभांत घरपट्टीमाफीची आश्वासनं दिली जातात तेव्हा ही चौकट आठवावी.

गेल्या काही वर्षांत जोर कमाल मर्यादेपेक्षा किमान दरावर आला आहे. 2021 ते 2026 या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली. मालमत्ता कराचे किमान दर राज्याने जाहीर केले पाहिजेत आणि राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीबरोबर त्या शहराची करवसुलीही वाढली पाहिजे. वसमतसारख्या ‘ब’ वर्गाच्या पालिकेचं बरंचसं काम अनुदानावर चालतं. त्यामुळे ‘वसुली वाढवा’ हा तगादा वरून येतो आणि तो शेवटी आपल्या दारावर नोटीस होऊन लागतो. कर विभागातला कारकून तुमच्यावर राग काढत नसतो, त्याच्या डोक्यावर उद्दिष्ट असतं. हे ध्यानात ठेवलं की त्याच्याशी बोलणं सोपं जातं.

थेट मतदानाने निर्णय घेण्याची एक सोय राज्यात आहे, पण ती दारूच्या दुकानापुरती. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेता येतं. ‘आडवी बाटली’ला एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद होतं. करासाठी अशी बाटली नाही, उभीही नाही आणि आडवीही नाही.

बिल कसं वाढतं

दर न वाढवताही तुमचं बिल वाढू शकतं. बहुतेक घरांत नेमकं हेच घडतं आणि लोक भांडतात मात्र दराशी.

पालिका दर चार वर्षांनी सगळ्या मालमत्तांची नव्याने आकारणी करते. तिला चतुर्वार्षिक करआकारणी म्हणतात. माणसं टेप घेऊन किंवा टॅब घेऊन येतात, घर मोजतात, फोटो काढतात. मोजमापावरून घराचं वार्षिक भाडेमूल्य ठरतं, म्हणजे हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती मिळतील याचा अंदाज. त्यातून दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा केले की उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर कराचा टक्का लागतो.

एक हिशोब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, वसमतचे प्रत्यक्ष दर नव्हेत. समजा घर 60 चौरस मीटर आणि भाड्याचा दर चौरस मीटरला वर्षाकाठी 300 रुपये. भाडेमूल्य झालं 18,000. दहा टक्के वजा जाता 16,200. कर 25 टक्के धरला तर 4,050 रुपये. आता मोजणाऱ्याने मागचं उघडं अंगण आणि जिना धरून 72 चौरस मीटर लिहिले. भाडेमूल्य 21,600, करयोग्य मूल्य 19,440, कर 4,860. वर्षाला 810 रुपये जास्त, चार वर्षांत 3,240. दर जिथल्या तिथे आहे, चूक फक्त टेपची आहे.

मोजमापाइतकाच महत्त्वाचा आहे बांधकामाचा प्रकार. वसमतच्या जुन्या गल्ल्यांत दगडमातीची माळवदाची घरं अजून उभी आहेत. पुढची एक खोली स्लॅबची केली म्हणून सगळं घर ‘आरसीसी’ लिहिलं गेलं तर अख्ख्या घराला वरचा दर लागतो. बांधकामाचं वर्ष चुकलं तर जुनेपणाची सूट जाते. ‘स्वतः राहतात’ऐवजी ‘भाडेकरू’ लिहिलं तरी दर बदलू शकतो. आणि सगळ्यांत मोठा फरक पडतो ‘निवासी’ आणि ‘बिगरनिवासी’ यांत. हळदीच्या हंगामात आपल्या शेतातली पोती पुढच्या खोलीत रचलेली असतात. त्या दिवशी मोजणी झाली आणि खोली ‘गोदाम’ म्हणून नोंदली गेली, तर हंगाम संपून पोती मोंढ्यात गेली तरी नोंद चार वर्षं राहते. स्वतःचा माल काही आठवडे घरात ठेवणं आणि खोली व्यापाऱ्याला गोदाम म्हणून भाड्याने देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक हरकतीत सातबारा आणि हंगामानंतरचा फोटो जोडून मांडावा. भाड्याने दिली असेल तर मात्र बिगरनिवासी दर द्यावाच लागेल, तिथे लपवाछपवी करू नये.

बिलावर घरपट्टीच्या खाली आणखी ओळी असतात: वृक्षकर, अग्निशमन, पाणीपट्टी, स्वच्छतेचं शुल्क. राज्याचा शिक्षण कर पालिका गोळा करते पण तो शासनाकडे जातो, तो कमी करणं पालिकेच्या हातात नाही. रोजगार हमी उपकर फक्त बिगरनिवासी मालमत्तेला लागतो. राहत्या घराच्या बिलावर तो दिसला तर समजा की घर नाहीतर घराचा काही भाग बिगरनिवासी लिहिला गेला आहे. हा सगळ्यांत सोपा तपास आहे आणि फार थोडे लोक तो करतात.

हरकतीचे तीस दिवस

आकारणी यादी तयार झाली की पालिका जाहीर नोटीस काढते आणि यादी पाहायला खुली ठेवते. हरकतीसाठी साधारण तीस दिवस मिळतात. अखेरची तारीख नोटिशीत छापलेली असते, तीच धरा. मधल्या वर्षांत नवं बांधकाम केलं किंवा वापर बदलला म्हणून आकारणी बदलली, तर त्याची वेगळी नोटीस त्या घरमालकाला यायला हवी.

पहिल्या आठवड्यात कर विभागात जाऊन आपल्या मालमत्ता क्रमांकासमोरची ओळ वाचा. वाचण्याला पैसे लागत नाहीत. मग घरी येऊन स्वतः टेप लावा, कागदावर खोलीनिहाय लांबी-रुंदी लिहा. हरकत साध्या कागदावर चालते, मुद्रांक कागद लागत नाही. ‘कर फार जास्त आहे, कमी करावा’ एवढंच लिहून उपयोग नाही. अशा हरकती सुनावणीत मिनिटभरात निकाली निघतात. लिहायचं ते असं: ‘यादीत क्षेत्र 72 चौरस मीटर दाखवले आहे, प्रत्यक्षात 60 आहे, कारण उघडे अंगण धरले आहे, फेरमोजणी करावी.’ एक चूक, तिचं कारण, तुमची मागणी. सोबत जुन्या पावत्या, बांधकाम परवाना असेल तर त्याची झेरॉक्स, वीजबिल आणि फोटो. घर अजून वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारस म्हणून अर्ज करा आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. वारस नोंदीचं काम वेगळं आहे, त्यासाठी हरकत थांबवू नका.

दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. या पोचेशिवाय हरकत दिली असं पुढे सिद्ध करता येत नाही. आवक घ्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. झेरॉक्स, फोटो, पोस्ट सगळं धरलं तरी खर्च शंभर-दीडशेच्या आसपास थांबतो. रोजंदारीवर असलेल्याला खरा फटका बसतो तो सुनावणीच्या दिवशी बुडालेल्या मजुरीचा. म्हणून एका गल्लीतल्या सगळ्यांनी हरकती एकत्र नेऊन द्याव्यात आणि सुनावणी एकाच दिवशी ठेवावी असं लेखी मागावं. अर्ज मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा. शंभर सह्यांचं एक निवेदन वर्तमानपत्रात छापून येतं, पण त्याने कुणाच्या घराचं मोजमाप दुरुस्त होत नाही.

‘साहेबांना सांगून कमी करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. सुनावणीचा निर्णय यादीत लेखी उतरतो आणि तो तुमच्या कागदांवर ठरतो.

शेजारच्या तेवढ्याच घराला कर कमी का, दर ठरवताना परिसराचे भाग कसे पाडले, मोजणी करणाऱ्या खासगी संस्थेला प्रत्येक घरामागे किती पैसे दिले, हे जाणून घ्यायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा. प्रती पानाला 2 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तराला तीस दिवस लागू शकतात आणि हरकतीची मुदतही तेवढीच असते, त्यामुळे उत्तराची वाट पाहत हरकत रोखू नका. उत्तर आलंच नाही तर पहिलं अपील, त्याला 20 रुपये.

सुनावणीनंतर

निर्णय पटला नाही तर मालमत्ता कर अपील समितीकडे जाता येतं. तिथे दोन गोष्टी आड येतात. मूळ मुदतीत लेखी हरकत दिलेली नसेल तर अपिलाचं दार बहुधा उघडतच नाही, आणि बिलात मागितलेली रक्कम साधारणपणे आधी जमा करावी लागते. म्हणजे अपिलाचा मोठा खर्च फीचा नाही, अडकून पडणाऱ्या रकमेचा आहे. त्यापुढे छत्रपती संभाजीनगरचं उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. एका घराच्या आठशे रुपयांसाठी तिथे जाणं परवडत नाही. आकारणीची पद्धतच बेकायदा असेल, नोटीस न काढता यादी कायम केली असेल, अशा वेळी अनेकांनी मिळून वर्गणी काढून जावं.

वाद चालू आहे म्हणून कर भरणं थांबवणं ही सर्वांत महाग चूक. मुदतीनंतर थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, वर्षाला 24 टक्के. 4,000 रुपये एक वर्ष थकले की 960 रुपये वर चढले. 810 रुपयांच्या भांडणासाठी 960 भरायचे, हा हिशोब कुणालाच परवडणारा नाही. कर भरा आणि पावतीसोबत ‘हरकत कायम ठेवून भरणा’ असं पत्र द्या. हरकत मान्य झाली की जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागा. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नगरपरिषदांतली शास्ती माफ करण्यासाठी अभय योजनेची वाट मोकळी केली. आपल्या पालिकेत ती लागू आहे का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे कर विभागात विचारून घ्या. राष्ट्रीय लोकअदालतीतही थकबाकीची प्रकरणं तडजोडीने मिटतात, तिथे कोर्ट फी नाही. दोन्हीकडे मूळ कर मात्र भरावाच लागतो.

सवलती विचारल्याशिवाय मिळत नाहीत. माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नीसाठी 2020 पासून मालमत्ता करमाफीची योजना आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून अर्ज करावा लागतो. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी ही 2022 ची घोषणा मुंबईची आहे, तिच्या भरवशावर वसमतमध्ये बिल ठेवून देऊ नका. पुण्याचं उदाहरण लक्षात घेण्याजोगं आहे. स्वतः राहणाऱ्यांना तिथे 1970 पासून 40 टक्के सवलत होती. ती काढली गेली आणि नागरिकांच्या पाठपुराव्यानंतर 2023 मध्ये मंत्रिमंडळाने परत दिली. परंतु ती पदरात पाडून घ्यायला अनेकांना 25 रुपये भरून पीटी-3 नावाचा अर्ज द्यावा लागला. ज्यांनी दिला नाही त्यांना मंजूर झालेली सवलतही मिळाली नाही.

दरच जास्त असेल तर

मोजमाप बरोबर आहे, नोंद बरोबर आहे, पण दरच झेपत नाही, अशी तक्रार असेल तर हरकतीच्या अर्जाने ती सुटत नाही. तो निर्णय सभागृहाचा असतो आणि तिथे संख्याबळ लागतं. नाशिकमध्ये 2018 मध्ये महापालिका आयुक्तांनी भाडेमूल्याचे दर वाढवले तेव्हा शेतकरी, घरमालक, नगरसेवक सगळे रस्त्यावर उतरले. आयुक्तांवर अविश्वास ठराव आणण्यापर्यंत गोष्ट गेली आणि काही दर निम्म्यावर आणावे लागले. मतपत्रिका नव्हती, तरी लोकांचं म्हणणं ऐकावं लागलं.

2021-22 नंतर बहुतेक पालिकांचा कारभार प्रशासकाच्या हाती होता, विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. 2025 च्या डिसेंबरात राज्यात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. आता आपल्या प्रभागाचा नगरसेवक नावाने ठाऊक आहे. अंदाजपत्रकाच्या सभेआधी, म्हणजे जानेवारीतच, त्याला लेखी विचारा: कराचा दर किती ठरणार आहे, मागच्या वर्षी आमच्या प्रभागातून किती कर गोळा झाला आणि त्यातला किती इथे खर्च झाला? सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागा, करवाढीच्या ठरावावर कोण काय बोललं ते त्यात दिसतं. 2009 मध्ये राज्याने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली. खेड्यात ग्रामसभा असते तशी मतदारांची सभा प्रभागात भरावी हा तिचा हेतू. ती भरवा, अशी मागणी नगरसेवकाकडे लेखी करा. करावर मत द्यायचा हक्क आपल्याला नाही, पण कर ठरण्याआधी भर सभेत हिशोब मागायचा हक्क तरी वापरला पाहिजे.

एक मात्र मनापासून सांगायचं आहे. घरपट्टी भरणं टाळू नका. नाल्या, दिवे, सफाई यांना पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातलेच पैसे लागतात. कर वेळेवर भरा आणि चुकीच्या एका रुपयावरही हरकत घ्यायला विसरू नका. चतुर्वार्षिक आकारणीची नोटीस लागल्याचं कळलं की पहिल्या आठवड्यात जाऊन आपली ओळ वाचा. गल्लीत एकटी राहणारी म्हातारी असेल, लिहिता-वाचता न येणारं कुटुंब असेल, तर त्यांचीही ओळ वाचून द्या आणि मुदत संपण्याआधी त्यांचा अर्ज आवक विभागात नेऊन पोच त्यांच्या हातात ठेवा.